अकराव्या क्रमांकावरच्या शेळ्या

साल २०४३. उन्हाळा संपत आला होता, मला एकोणऐंशी पूर्ण झाली होती आणि माझी भाची गिरिजा तिच्या शोधनिबंधाचे बेचाळीस संदर्भ कागदावर छापून घेऊन सोलापूरच्या घरी माझ्यासमोर बसली होती. संदर्भ लावायला माणूस लागत नाही, ही गोष्ट तोवर जुनी झाली होती. लेख यंत्रात टाकला की पापणी लवायच्या आत यादी तयार होत असे. तरी ती कागद घेऊन आली, कारण हे एकच काम मला मनापासून येतं हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

मी छत्तीस वर्षं ‘भीमाखोरे वैद्यक पत्रिका’ या त्रैमासिकात नोकरी केली. डॉक्टर लेख लिहीत आणि शेवटची यादी माझ्याकडे येई. आधी आडनाव, मग आद्याक्षरं, लेखाचं नाव, नियतकालिकाचं नाव, मग साल, अर्धविराम, खंड, अपूर्णविराम, पानं. सहापेक्षा जास्त लेखक असतील तर सहा लिहून ‘व इतर’. मजकुरात जो संदर्भ आधी येईल त्याला आधीचा क्रमांक. डॉक्टरमंडळींना हे किचकट वाटे. मला ते रांगोळीच्या ठिपक्यांसारखं वाटायचं, एक ठिपका चुकला की पुढची सगळी नक्षी वाकडी. गिरिजा सात वर्षांची असताना माझ्या शेजारी बसून अर्धविराम द्यायची. मी तिला सांगायचे की संदर्भ म्हणजे पत्ता. कुणीतरी कुठेतरी स्वतःच्या डोळ्यांनी काही पाहिलं, त्याच्या घराचा पत्ता. चुकीचा पत्ता देणं म्हणजे खोटं बोलणं.

हे वाक्य पुढे मलाच ऐकावं लागणार होतं.

आता ‘उगम’विषयी सांगायला हवं, कारण आजच्या मुलांना तो नव्हता तेव्हाचे दिवस माहीत नाहीत. वीस-पंचवीस साली लिहिणारी यंत्रं आली आणि त्यांनी कुणीच न लिहिलेल्या लेखांचे संदर्भ बेधडक रचायला सुरुवात केली. नाव खरं, नियतकालिक खरं, लेख मात्र कुठेच नाही. त्यामागून जुने कागद बनवून ‘सापडले’ म्हणून सांगणारे आले. वैद्यकात हे चालण्यासारखं नव्हतं. म्हणून अनेक देशांनी मिळून ‘उगम’ उभारला. हे यंत्र फक्त यादी तपासत नाही. ते मजकुरातलं एकेक वाक्य घेतं, त्याला जोडलेल्या लेखाकडे जातं आणि ती गोष्ट तिथे खरंच आहे का ते पाहतं. त्या लेखानेही दुसऱ्याचा हवाला दिला असेल, तर ते आणखी मागे जातं. नदीच्या काठाने उलटं चालत जावं तसं, जिथे कुणीतरी स्वतःच्या हाताने मोजलं, तपासलं, लिहून ठेवलं, तिथपर्यंत. तिथे पोचलं की त्या विधानाला उगम क्रमांक मिळतो. वाट मधेच तुटली, तर विधानावर ‘निराधार’ असा शिक्का बसतो.

आणि त्याचा पहिला नियम असा की अंदाज करायचा नाही. आधीच्या यंत्रांनी अंदाज करूनच घोळ घातला होता.

शिक्का नुसता कागदावर राहत नसे. दवाखान्यांची औषधकपाटं ‘उगम’ला जोडलेली होती. एखाद्या उपचाराचं विधान निराधार ठरलं, की नव्वद दिवसांनी कपाट तो उपचार द्यायचं थांबवून औषध बनवणाऱ्यांच्या मूळ पत्रकातला डोस देऊ लागे. एकंदरीत चांगली सोय होती. ‘उगम’ आल्यापासूनच्या पाच-सहा वर्षांत कितीतरी खुळचट समजुती औषधोपचारातून गेल्या.

गिरिजा नवजात बाळांची डॉक्टर. दीड किलोच्या आतली, दिवस भरायच्या आधी जन्मलेली बाळं तिच्याकडे येतात. अशा बाळाच्या रक्तात जंतू शिरले की एक जुनं, सरकारी दवाखान्यातही मिळणारं औषध देतात. ते जंतू मारतं, पण पूर्ण डोस दिला तर बाळाचे कान जाऊ शकतात. म्हणून साऱ्या देशात अर्धा डोस, दर अठरा तासांनी, असा प्रघात होता. गिरिजाचा निबंध अशा नऊशे बाळांच्या शाळेतल्या प्रगतीवर होता. अर्ध्या डोसचं वाक्य तिने प्रस्तावनेत सहज लिहिलं होतं. सगळेच ते गृहीत धरतात, पण ‘उगम’ आल्यापासून लेखात लिहिणारी ती पहिलीच निघाली. संदर्भ क्रमांक सहा.

तिने समोर ठेवलेल्या यादीत एक्केचाळीस ओळी हिरव्या होत्या. सहावी लाल.

मी म्हटलं, कुठेतरी साल चुकलं असेल. ती म्हणाली, साल नाही, वाक्यच चुकलंय म्हणतो तो. ‘उगम’ने काढलेली वाट तिने मला वाचून दाखवली. एकतीस सालच्या मार्गदर्शिकेने चौदा सालच्या लेखाचा हवाला दिला होता, त्याने दहा सालच्या, आणि त्याने १९८८ सालच्या आमच्याच पत्रिकेतल्या डॉ. त्र्यंबक उपळाईकरांच्या लेखाचा. उपळाईकर सर आमचे संपादक. त्यांच्या लेखात अर्ध्या डोसच्या वाक्यावर अकरा हा क्रमांक होता, आणि यादीतला अकरावा लेख होता शेळ्यांच्या मूत्रपिंडांवर. त्यात ना बाळ, ना कान, ना ते औषध.

“पंचावन्न वर्षं सगळा देश शेळ्यांच्या भरवशावर डोस देतोय,” गिरिजा म्हणाली. “आणि हे मीच उकरून काढलं. मी लेख पाठवला नसता, तर त्याने हे वाक्य तपासलंही नसतं.”

तिच्या नऊशे बाळांवरून अर्धा डोस बरोबर ठरवता येत नव्हता. त्या सगळ्यांना अर्धाच दिला होता. तुलनेला पूर्ण डोसची बाळं आणायची कुठून? आणि मुद्दाम तसा प्रयोग करणं म्हणजे जाणूनबुजून काहींचे कान घालवणं. नव्वद दिवसांतले अकरा गेले होते. एकोणऐंशी दिवसांनी देशभरातली कपाटं पूर्ण डोस देऊ लागणार होती.

मी अहवाल हातात घेतला. तळाशी बारीक अक्षरात त्या १९८८ सालच्या लेखाविषयी एक ओळ होती: यादीतील संदर्भ तेवीस मजकुरात कोठेही आढळत नाही.

ती वाचली आणि माझ्या हाताला शाईचा वास आला. खरंच आला. डोळ्यांसमोर १९८८ सालचा छापखाना, पायाने चालवायचं ट्रेडल मशीन, तेलकट फरशी, आणि राजय्या येमूल चष्मा कपाळावर चढवून उभा. राजय्या आमचा कंपोझिटर. घरी तेलुगू, बाजारात मराठी. लेखांतलं इंग्रजी त्याला वाचता येत नसे, पण अक्षरांचे खिळे जुळवताना अक्षरांच्या आकारावरून तो चुका पकडायचा. त्याने छापलेला अंक माझ्यापुढे धरला होता. “अक्का, यादीत तेवीस हाय. मजकुरात बावीसवरच गाडी थांबली.”

ती चूक माझी होती.

झालं असं होतं. लेखाला मुळात बावीस संदर्भ होते. पहिला फर्मा, म्हणजे पहिलं पान आणि शेवटची यादी एकत्र छापायचा साचा, मशीनवर चढायचा होता, दुसरा, मधल्या पानांचा, छापून झाला होता, तेव्हा उपळाईकर सर धावत आले. त्यांच्या गुरूंचा लेख यादीत घालायचा राहिला होता. त्या काळी गुरूचं नाव यादीत नसणं म्हणजे लग्नाच्या पत्रिकेत थोरल्या काकांचं नाव नसणं. सरांनी ते नाव सातव्या जागी घातलं. मी यादीतले सातपासूनचे सगळे आकडे एकेकाने पुढे सरकवले. पहिल्या फर्म्याच्या मजकुरात सात घातला. पण दुसरा फर्मा छापून झाला होता, आणि त्यातले आकडेही सरकायला हवेत, हे घाईत माझ्या लक्षातच आलं नाही. मी चोवीस वर्षांची होते आणि सर दारात उभे राहून घड्याळ बघत होते.

म्हणजे मजकुरातला अकरा यादीत बारा झाला होता. आणि बारावा लेख होता डॉ. सुलोचना बारबोले यांचा. बार्शीच्या दवाखान्यात दोन वर्षं बसून पासष्ट बाळांवर त्यांनी केलेलं काम. पूर्ण डोसचीही बाळं त्यात होती, कारण तेव्हा सगळीकडे पूर्णच देत असत. तो लेख आमच्या संमेलनाच्या स्मरणिकेत छापला होता. स्मरणिका कुणी संगणकावर चढवत नाही.

मी हे सगळं गिरिजाला सांगितलं. तिने आनंदाने माझे खांदे धरले. मग विचारलं की चूक कळल्यावर शुद्धिपत्र नव्हतं का काढलं.

काढलं होतं. चार ओळींची चिठ्ठी. ‘दुसऱ्या पानापासून सातव्या व पुढील प्रत्येक क्रमांकात एक मिळवून वाचावे.’ सरांनी सांगितलं होतं, प्रत्येक अंकात लावा. मी कणकेची खळ शिजवली आणि उरलेल्या तीस अंकांत चिठ्ठ्या डकवल्या. बाकीचे तीनशे ऐंशी मी उत्साहाच्या भरात दोन दिवस आधीच पोस्टात टाकून मोकळी झाले होते. सरांनी विचारलं, सगळ्यांत लावली ना? मी हो म्हटलं. पुढच्या अंकासोबत चिठ्ठ्या पाठवू, असं मनाशी ठरवलं होतं. पुढचा अंक निघायला आठ महिने लागले आणि त्याआधीच सर गेले. मग मी काही केलं नाही. त्या तीनशे ऐंशींतला एक अंक पुढे दिल्लीच्या कुठल्याशा ग्रंथालयात स्कॅन झाला आणि तेवढाच जगाने पाहिला.

गिरिजाने माझ्या खांद्यावरचे हात काढून घेतले.

“चुकीचा पत्ता म्हणजे खोटं बोलणं,” ती म्हणाली. “कोण म्हणायचं हे, आत्या?”

त्या तीस अंकांपैकी एखादा अजून कुठे सापडेल, ते मी आठवू लागले.

दुसऱ्या दिवशी आम्ही बार्शीला निघालो. चिठ्ठी लावलेल्या तीस अंकांतला एक मी १९८८ साली स्वतः एसटीने जाऊन बारबोलेबाईंना दिला होता, माफी मागत. वाटेतलं वैराग मागे पडलं तरी गिरिजा माझ्याकडे वळली नव्हती. गाडी आपली आपण चालत होती आणि ती खिडकीबाहेर ज्वारीची रिकामी रानं बघत बसली होती. मला मात्र वेगळीच धाकधूक. बाई माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. असतील का?

होत्या. एकोणनव्वदाव्या वर्षी अंगणात खुर्ची टाकून शेंगा सोलत होत्या. कानात यंत्र. मला त्यांनी हाताच्या बोटांवरून ओळखलं, पत्रिकेतली नीला ना तू, म्हणून. मी नीलांबिका हिरेमठ, पण मला पूर्ण नावाने कुणीच हाक मारत नाही.

बसल्या जागी मी सगळं सांगितलं. तीनशे ऐंशी अंकांचंही. त्यांनी शेंगा सोलणं थांबवलं नाही. त्यांना वाटत होतं चिठ्ठी सगळीकडे गेली आहे. लोक आपलं नाव का घेत नाहीत याचा त्यांनी काही वर्षं विचार केला, मग सोडून दिला. गावाकडच्या बाईचं काम म्हणून वाचत नसतील, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

“म्हणजे इतकी वर्षं माझ्या जागेवर शेळ्या बसल्या होत्या,” त्या शेवटी म्हणाल्या. “बरं झालं. मला वाटत होतं एखादा मुंबईचा डॉक्टर बसलाय.”

गिरिजा हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

बाईंच्या लोखंडी कपाटात सगळं होतं. स्मरणिका होती. कापडी बांधणीच्या दोन नोंदवह्या होत्या, प्रत्येक बाळाचं वजन, डोस, रात्रपाळीच्या सिस्टरची सही. बाळाच्या डोक्यामागे ठराविक अंतरावर पितळी घंटा वाजवून ते डोळे हलवतं का, याची महिन्या-महिन्याची टिपणं, आणि वर्षानंतर सोलापूरला नेऊन यंत्रावर केलेल्या तपासण्या. पूर्ण डोसची एकतीस, त्यांतली नऊ बहिरी. अर्ध्या डोसची चौतीस, त्यांतलं एक. जंतू दोन्हीकडे सारखेच गेलेले. गिरिजा वहीवरून बोट फिरवत राहिली आणि म्हणाली की असं काम आज वीस माणसांची तुकडी करते.

आणि अंकही होता. मी तो उघडला, तशी चिठ्ठी सुटून खाली पडली. कसरीने खळ खाऊन टाकली होती.

गिरिजाचा चेहरा पडला. सुटा कागद ‘उगम’ पुरावा म्हणून घेत नाही. कुणीही जुन्या कागदावर काल चार ओळी छापू शकतो. आणि त्या चार ओळींशिवाय बाईंच्या वह्या म्हणजे अचानक सापडलेले आणखी काही जुने कागद.

पुण्याच्या ‘उगम’ केंद्रात आम्ही तिघी गेलो तो एकाहत्तरावा दिवस होता. सुनावणी मिळायलाच इतके दिवस लागले होते. बाईंना प्रवास झेपेल का, असं मी विचारलं, तर त्या म्हणाल्या की शेळ्यांना उठवायला मला स्वतः जायला नको का. समितीच्या अध्यक्ष डॉ. इरावती नाडगौडा, पन्नाशीच्या, बोलायला मृदू पण नियमाच्या पक्क्या. त्यांनी चिठ्ठी आणि अंक यंत्राखाली ठेवले.

कसर खळ खाते, पण सगळी नाही. पिठातला स्टार्च कागदाच्या धाग्यांत मुरतो आणि विशिष्ट प्रकाशात चमकतो. पडद्यावर पानाचा कोपरा आला: निळसर डागांचा एक नकाशा. शेजारी चिठ्ठीची मागची बाजू, तिचाही नकाशा. यंत्राने एक उलटा करून दुसऱ्यावर ठेवला. कसरीने पोखरलेल्या वाटासुद्धा एकावर एक बसल्या. म्हणजे ही चिठ्ठी याच पानावर होती, आणि कितीतरी वर्षं होती.

नाडगौडाबाई म्हणाल्या की हे बळकट आहे, पण पुरेसं नाही. चिठ्ठी त्याच वेळी, त्याच छापखान्यात लागली, हे सांगणारं काही हवं. मग त्यांनी चिठ्ठीची पुढची बाजू मोठी केली. डाव्या कडेला छपाईच्या काळ्या शाईचा एक पुसट ठसा होता. अंगठ्याचा. मधून चंद्रकोरीसारखी पांढरी रेघ गेलेली.

मी माझा डावा अंगठा टेबलावर ठेवला. छापखान्यातल्या कागद कापायच्या सुरीने तो शहाऐंशी साली कापला होता. व्रण अजून आहे.

त्यांनी काचेच्या पट्टीवर अंगठा टेकवायला सांगितला. यंत्राने नाकारला. पुन्हा टेकवला, पुन्हा नाकारला. रेशनच्या दुकानातही माझं हेच होतं, म्हाताऱ्या माणसांच्या रेषा झिजलेल्या असतात. अठरा-एकोणीस दिवस राहिले होते आणि मी आयुष्यभर जपलेली लबाडी सांगूनही काही उपयोग होणार नव्हता.

“शाईचं पॅड आहे का?” मी विचारलं.

त्या इमारतीत शाईच नव्हती. तेव्हा गिरिजा उठली, पर्समधून काजळाची डबी काढली, माझा अंगठा हातात घेतला आणि त्यावर काजळ माखलं. हलक्या हाताने, बाळाला लावतात तसं. सोलापूरच्या घरी तिने काढून घेतलेला हात मला तिथे परत मिळाला.

“छत्तीस वर्षं लोकांचे संदर्भ तपासलेस,” ती माझ्या कानाशी म्हणाली, “आणि आता अंगठा उठव.”

मी कोऱ्या कागदावर अंगठा दाबला. छापखान्यात दाबायचे तसा, कडेवरून कडेवर. रेषा थोड्याच उमटल्या, पण चंद्रकोर स्वच्छ उमटली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना तुटलेल्या सतरा रेषांची टोकं. पडद्यावर एकोणऐंशी वर्षांचा अंगठा चोवीस वर्षांच्या अंगठ्यावर बसला.

‘उगम’ बोलत नाही, लिहितो. तो बराच वेळ काही लिहीना. बाईंनी कानातलं यंत्र नीट केलं, जणू त्यांना ऐकूच येणार होतं. मग पडद्यावर ओळ आली: क्रमांक सरकल्याचे मान्य. पुढे चालू. आणि त्यानंतर तो स्वतःच निघाला. मजकुरातला अकरा, यादीतला बारा, स्मरणिका, नोंदवही, पान चौदा, बाळाचं वजन एक किलो दोनशे, सिस्टरची सही. एकेक बाळ पडद्यावरून सरकत होतं आणि बाई प्रत्येकाचं गाव हळूच सांगत होत्या. पांगरी. उपळे. गौडगाव. चाळीस मिनिटं आम्ही असं बसलो. शेवटची ओळ हिरवी होती.

उगम सापडला. बारबोले, १९८७.

नाडगौडाबाई उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे समितीचे बाकीचेही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, नुसते उभे राहिले. सुलोचनाबाईंनी विचारलं, झालं का. गिरिजा त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, “झालं, बाई. शेळ्या उठल्या.”

ते आता चार वर्षांपूर्वीचं. कपाटं बदलली नाहीत, बाळांचा डोस अर्धाच राहिला. त्या मार्गदर्शिकेत आता त्याला ‘बारबोले मात्रा’ म्हणतात आणि इतर नऊ देशांनीही ती घेतली आहे. सुलोचनाबाई नव्वदी पार करून एकदा पुण्याला सत्काराला जाऊन आल्या. तिथल्या भाषणात त्यांनी पासष्टपैकी एकवीस मुलांची नावं तोंडपाठ सांगितली. त्यांतले चौघे सभागृहात बसून ऐकत होते, आणि ऐकता येतंय म्हणूनच आले होते. गेल्या वर्षी बाई बार्शीला त्याच खुर्चीत शांतपणे गेल्या. राजय्या तर कधीच गेला, पण त्याचा नातू शिवकुमार येमूल हैदराबादला असतो. त्याला मी पत्राने कळवलं की ही चूक सगळ्यांत आधी, एक अक्षर न वाचता, तुझ्या आजोबांनी पकडली होती. उपळाईकर सरांच्या मुलीला जाऊन मी सगळं सांगितलं. तिने चहा केला आणि वडिलांच्या गुरूंचं नाव विचारून घेतलं. नाडगौडाबाईंनी ‘उगम’च्या नियमांत एक कलम घातलं: यादीतला एखादा क्रमांक मजकुरात सापडला नाही, तर शिक्का मारायच्या आधी त्या काळच्या माणसांना विचारावं. केंद्रात आता शाईचं पॅडही आहे. गिरिजा तिच्या विभागाची प्रमुख झाली आणि तिची मुलगी सध्या माझ्याकडे अर्धविराम शिकते.

गिरिजाचा निबंध त्याच वर्षी छापून आला. छापायच्या आधी ती यादी घेऊन पुन्हा माझ्याकडे आली होती. सहाव्या जागी तिने बारबोल्यांचं नाव घातलं होतं, आणि त्यांच्याखाली एक नवा संदर्भ घालायचा म्हणत होती. हिरेमठ नी. शुद्धिपत्र. भीमाखोरे वैद्यक पत्रिका. १९८८. हजारो माणसांची नावं मी यादीत बसवली होती. माझं पहिल्यांदाच बसत होतं, तेही सातव्या जागी.

यंत्राने एका क्षणात आकडे सरकवून दिले असते. मी नको म्हटलं. पेन्सिल घेतली आणि सातपासूनचे सगळे आकडे स्वतः एकेकाने पुढे सरकवले, त्रेचाळीसपर्यंत. मग पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, मजकुरातलेही.